तंत्रज्ञान कळत नाही, तरी संस्थेचं तंत्रज्ञान सांभाळायचंय? आधी किल्ल्या मोजा

एका सोमवारी सकाळी एका जुन्या देणगीदाराचा फोन आला. "अहो, तुमची वेबसाइट उघडली तर भलतंच काहीतरी येतंय." मी संगणक लावला. आमच्या पत्त्यावर आमचं काहीच नव्हतं, नुसती एक पाटी: या डोमेनची मुदत संपली आहे. डोमेन म्हणजे ठरावीक मुदतीसाठी पैसे भरून घेतलेला इंटरनेटवरचा आपला पत्ता. ईमेलही त्याच डोमेनवर. म्हणजे आठवड्याच्या पहिल्याच दिवशी संस्थेतल्या एकालाही मेल येईना, जाईना.

डोमेन नऊ वर्षांपूर्वी एका उत्साही स्वयंसेवकाने घेतलं होतं. स्वतःच्या नावाने, आणि त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर. तो केव्हाच शिकून नोकरीला लागलेला, आणि कॉलेजचा ईमेल बंद होऊनही जमाना झालेला. नूतनीकरणाची स्मरणपत्रं इमानाने येत होती, पण जी पेटी कुणी उघडत नाही तिच्यात. ही संस्था आमचीच आहे हे सिद्ध करण्यात अकरा दिवस गेले. नशीब, दुसऱ्या कुणी ते नाव उचललं नव्हतं.

त्या वेळी आमच्याकडे अँटिव्हायरस होता, दर महिन्याला येणारा संगणकवाला होता, बजेटमध्ये 'संगणक व देखभाल' असं खातंही होतं. काय काय आपलं आहे आणि ते कुणाच्या हातात आहे, ही माहिती तेवढी नव्हती.

मी सोळा वर्षं संस्था चालवली. शिक्षण समाजकार्याचं, संगणकावर येत होतं ते पत्र टाइप करणं. आता छोट्या संस्थांच्या प्रमुखांबरोबर बसते. प्रत्येक जण पहिलं वाक्य तेच टाकतो: "मला त्यातलं काही कळत नाही हो." मग मी विचारते, ताळेबंद कळतो? कळतो. जमाखर्चाच्या नोंदी स्वतः टाकता येतात? नाही. तरी लेखापरीक्षकाला काय विचारायचं ते बरोबर ठाऊक असतं ना? तंत्रज्ञानाचंही तेवढंच यायला हवं.

किल्ल्यांची वही

एक कोरी एक्सेल फाइल घ्या, किंवा खरोखरची वही. सहा रकाने आखा: काय आहे, कुणाच्या नावावर आहे, कुठल्या ईमेलवर आणि फोनवर नोंदलंय, आत कुणाकुणाला जाता येतं, मुदत कधी संपते, पैसे कुठून जातात. पासवर्ड या वहीत लिहायचे नाहीत, त्यांचं पुढे सांगते.

आता ओळी. डोमेन, वेबसाइटचं होस्टिंग (वेबसाइट जिथे ठेवलेली असते ती भाड्याची जागा), ईमेल, ड्राइव्ह (फायली ठेवायची ऑनलाइन जागा), हिशोबाचं सॉफ्टवेअर, ऑनलाइन देणगी घेण्याची सोय, बँकेचं नेट बँकिंग, फेसबुकचं पान, यूट्यूब, व्हॉट्सॲपचे गट, ऑफिसच्या वाय-फायचा राउटर. अर्ध्या तासाचं काम वाटतं. प्रत्यक्षात तिसऱ्या-चौथ्या ओळीलाच गाडी अडते. "फेसबुकचं पान कोण बघतं?" "आपणच." "आपण म्हणजे कोण?" मग सगळे एकमेकांकडे बघतात. वहीचा खरा उपयोग त्या शांततेत आहे. रिकामा राहिलेला प्रत्येक चौकोन म्हणजे पुढच्या महिन्याचं काम, तो लाल करून ठेवा.

डोमेनच्या ओळीवर जरा जास्त वेळ घालवा. डॉट कॉम किंवा डॉट ऑर्गसारखं नाव मुदतीनंतर रद्द झालं, तर ते सोडवून घ्यायला साधारण ३० दिवस मिळतात, तेही जास्तीचे पैसे भरून. त्यानंतर पाच दिवसांनी ते बाजारात खुलं होतं आणि जो आधी येईल त्याचं होतं. म्हणून डोमेन संस्थेच्या नावावर हवं, आपोआप नूतनीकरण चालू हवं, आणि ज्या कार्डातून पैसे जातात ते कार्ड संपायची तारीखही वहीत हवी. आणखी एक गोम आहे, ती मला फटका बसल्यावर कळली. डोमेन विकणाऱ्याकडे संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा देऊ नका. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद, मग 'पासवर्ड विसरलात?' हे बटण दाबून उपयोग काय? किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखं होतं ते.

नावाचंही तसंच. खाती 'कार्यालय', 'हिशोब' अशा कामाच्या नावाच्या ईमेलवर काढा, माणसाच्या नावाच्या नाही. आणि प्रत्येक महत्त्वाच्या खात्याला दोन ॲडमिन, म्हणजे खात्याचा पूर्ण ताबा असलेली दोन माणसं. एक आजारी पडतो, एक सोडून जातो, एखाद्याचा फोन पाण्यात पडतो. आमच्या एका खात्याचा ओटीपी निवृत्त खजिनदारांच्या फोनवर जायचा. दीड वर्षं आम्ही दर महिन्याला त्यांना फोन करत होतो, आणि ते बिचारे दवाखान्याच्या रांगेत असले तरी चष्मा शोधून सहा आकडे वाचून दाखवायचे. आम्हाला हे विनोदी वाटायचं. त्यांना काही झालं असतं तर विनोद नसता राहिला.

माणूस जातो, त्याचं खातं राहतं

क्षेत्रावरच्या एका कार्यकर्तीने तीन वर्षांची सर्वेक्षणं स्वतःच्या खासगी जीमेलमधून गूगल फॉर्मवर भरून घेतली होती. चूक तिची नव्हती, आम्ही तिला संस्थेचं खातं कधी दिलंच नव्हतं. ती गोडीगुलाबीने गेली आणि जाताना दोन दिवस बसून सगळं हस्तांतरित करून दिलं. पण प्रत्येक जण गोडीगुलाबीने जात नाही. शिवाय, दोन वर्षं न वापरलेली खासगी खाती आतल्या मजकुरासकट काढून टाकायचं धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं. कुणाच्या तरी जुन्या जीमेलमध्ये संस्थेचा इतिहास पडून असेल, तर तो आधी बाहेर काढा.

माणूस सोडून जातो त्या दिवशी संध्याकाळपर्यंत काय करायचं ते कागदावर तयार हवं. खातं लगेच पुसू नका, आधी नुसतं बंद करा. फायलींची मालकी दुसऱ्याच्या नावावर करा. येणारे मेल महिना-दोन महिने त्या जागी आलेल्या माणसाकडे वळवा. सामायिक पासवर्ड बदला, राउटरचाही. व्हॉट्सॲपच्या गटांतून काढा. हे करताना अवघडल्यासारखं होतं, अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. म्हणून नियम सगळ्यांना एकच ठेवा, विश्वस्तांनाही आणि स्वतःलाही. मी पद सोडलं तेव्हा माझं खातं त्याच संध्याकाळी बंद झालं. थोडं लागलं मनाला, पण मीच लिहिलेला नियम होता.

माहिती कमी गोळा करा

आमच्या लाभार्थी नोंदणीच्या फॉर्मवर ४३ रकाने होते. प्रत्येक प्रकल्पाने, प्रत्येक देणगीदाराने आपापला एखादा वाढवलेला, काढला कुणीच नव्हता. एका दुपारी आम्ही फॉर्म भिंतीवर लावला आणि एकेका रकान्यासमोर लिहिलं: गेल्या वर्षी ही माहिती कुणी, कशासाठी पाहिली? चोवीस रकान्यांपुढे काहीच लिहिता आलं नाही. ते गेले. कार्यकर्त्यांचा फॉर्ममागचा वेळ जवळपास निम्म्यावर आला. शिवाय जी माहिती आपल्याकडे नाही ती आपल्याकडून चोरीलाही जात नाही.

हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. २०२२ च्या जानेवारीत रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं उघड झालं. युद्धात, आपत्तीत, स्थलांतरात घरच्यांपासून तुटलेल्या पाच लाख पंधरा हजारांहून जास्त लोकांची माहिती त्यात होती. एका सॉफ्टवेअरमधली भेग बुजवणारं अपडेट वेळेत बसवलं गेलं नव्हतं, तिथून घुसखोर आत आले. आपल्याला वाटतं, आपल्यासारख्या गरीब संस्थेकडे चोरण्यासारखं काय आहे? आपल्याकडे इतरांच्या आयुष्यातल्या गोष्टी आहेत. कुणाला कुठला आजार, कुणाचा नवरा मारतो, कोण कुठे लपून राहतंय. ही यादी बाहेर गेली तर भोगणार आपण नाही, ते.

एक्सेलबद्दल दोन शब्द. एक्सेल वाईट नाही, माझी अर्धी कारकीर्द त्यात गेली. पण त्याला मर्यादा आहेत आणि त्या गाठल्या की ते नेहमीच ओरडून सांगत नाही. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याकडून कोविडचे जवळजवळ १६,००० रुग्ण मोजणीतून सुटले, कारण माहिती जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये ओढली जात होती आणि तिच्यात ६५,५३६ च्या पुढे ओळीच मावत नाहीत. तुमच्याकडे एवढ्या ओळी नसतील. 'सुनीता', 'सुनिता' आणि 'सुनीताबाई' अशा तीन ओळींत एकच बाई मात्र नक्की असेल, आणि वार्षिक अहवालात ती तीनदा मोजली गेली असेल. प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक द्या, आणि गावाचं नाव, वर्ग, प्रकार असले रकाने टाइप न करता यादीतून निवडायचे ठेवा. डेटाबेसचा विचार त्यानंतर करा.

बॅकअप आहे, असं म्हणणाऱ्याला फाइल परत आणायला सांगा

आमच्याकडे बॅकअपची हार्ड डिस्क होती. कपाटाच्या दुसऱ्या खणात, व्यवस्थित पाकिटात. दर शुक्रवारी तिच्यात सगळं उतरवलं जायचं, म्हणजे तसं आम्ही समजत होतो. एकदा जुना अहवाल हवा म्हणून जोडली, तर शेवटची तारीख चौदा महिन्यांपूर्वीची. डिस्क भरली होती, प्रोग्राम दर शुक्रवारी तक्रार करत होता, आणि लावणारा मुलगा तक्रारीची खिडकी बंद करून घरी जात होता.

मोठ्यांचंही असंच होतं. २०१७ च्या ३१ जानेवारीला गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने चुकून भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. तेव्हा लक्षात आलं की बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाताशी होती म्हणून निभावलं. ही तर तंत्रज्ञानावरच पोट असलेली कंपनी.

म्हणून 'बॅकअप आहे का?' हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर नेहमी 'हो' असतं. तीन महिन्यांतून एकदा एखादी फाइल मनात धरा, समजा मागच्या वर्षीचं मार्च महिन्याचं पगारपत्रक, आणि म्हणा: ही हरवली असं समजा, बॅकअपमधून काढून द्या. घड्याळ लावा. आमच्या पहिल्या कवायतीला सव्वाचार तास लागले, त्यातला तासभर डिस्कचा पासवर्ड शोधण्यात गेला. चौथ्या वेळी वीस मिनिटं.

प्रती किती? जुना हिशोब ३-२-१ चा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक इमारतीबाहेर. ड्राइव्हवर फाइल आपोआप चढते तो बॅकअप नव्हे. इकडे चुकून पुसली की तिकडेही पुसली जाते, कचरापेटीतून उचलायला थोडे दिवस मिळतात तेवढेच. आणि बॅकअपची डिस्क कायम संगणकाला जोडून ठेवू नका. खंडणीवाला व्हायरस, म्हणजे फायलींना कुलूप लावून पैसे मागणारा, शिरला तर तीही त्याच्याच हाती लागते.

फुकट मिळतंय तेव्हा

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. सॉफ्टवेअरच्या बाबतीत जरूर मोजावेत. माहिती भरायला लागणारा वेळ, शिकवणं, जुन्या नोंदी नव्यात ओतणं, बिघडल्यावर कुणाला तरी बोलावणं, हे सगळं फुकटच्या बाहेर असतं. शिवाय फुकट कायम फुकट राहत नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियमची दहा लायसन्स स्वयंसेवी संस्थांना मोफत मिळायची, २०२५ च्या जुलैपासून ती सवलत बंद झाली. सवलती जरूर घ्या, पण बजेटमध्ये ती वस्तू पूर्ण किमतीची धरा आणि सवलत वेगळी दाखवा.

सॉफ्टवेअर दाखवायला माणूस येतो तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर सगळं छान चालतं. रंगीत वर्तुळं, नकाशे. मी आधीच आमच्या खऱ्या नोंदींसारख्या पन्नास ओळी बनवून ठेवायचे, नावं खोटी पण घाण खरी: अर्धवट तारखा, दोनदा आलेली माणसं, रिकामे फोन नंबर. "हे घाला आणि दाखवा." एकदा एका विक्रेत्याचा चेहरा चौथ्या ओळीला पडला. मग शेवटचा प्रश्न: "उद्या आम्हाला तुमच्याकडून निघायचं असेल, तर आमची सगळी माहिती, जोडलेल्या फायलींसकट, आत्ता आमच्यासमोर बाहेर काढून दाखवता का?" जो "त्याची काळजी करू नका मॅडम" म्हणाला, त्याला मी चहा पाजून निरोप दिला.

करारात एक ओळ मागून घ्या: तुमच्याकडे चोरी झाली तर आम्हाला किती तासांत कळवाल? ब्लॅकबॉड ही संस्थांना देणगीदारांच्या नोंदी ठेवायला सॉफ्टवेअर देणारी मोठी अमेरिकन कंपनी. २०२० मध्ये तिच्याकडून तेरा हजारांहून जास्त ग्राहक संस्थांची माहिती चोरीला गेली. चोरी कंपनीला मे महिन्यात समजली, संस्थांना तिने जुलैत सांगितलं. देणगीदारांना तोंड दाखवायचं होतं ते त्या संस्थांना.

तंत्रज्ञाशी बोलायचं कसं

कुणी 'सर्व्हरचा इश्यू आहे' म्हणालं की आपण मान डोलावतो. डोलावू नका. चार प्रश्न पुरतात. यामुळे कुणाचं कुठलं काम थांबलंय? कधीपर्यंत? तोवर काय करायचं? आणि आपण काहीच केलं नाही तर काय होईल? शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ 'तातडीची' खरेदी विरघळते, आणि जी विरघळत नाही ती खरंच तातडीची असते. उत्तर समजलं नाही तर सरळ "पुन्हा सांगा, सोपं करून" म्हणावं. चांगल्या तंत्रज्ञाला त्याचा राग येत नाही. राग आला तर माणूस बदलावा, असं माझं मत.

आणि ऑफिसातला जो कुणी प्रिंटर दुरुस्त करून देतो, त्याच्याकडे बघा. बहुतेक ठिकाणी लेखापाल किंवा एखादी समन्वयक हे काम नकळत अंगावर घेऊन बसलेली असते. तिच्या कामाच्या वर्णनात ते नसतं आणि वर्षअखेरीच्या मूल्यमापनात "मुख्य काम मागे पडलं" असा शेरा मिळतो. आठवड्याचे किती तास यात जातात ते महिनाभर लिहून काढा. मग ते काम तिला रीतसर द्या किंवा पैसे देऊन बाहेरून करून घ्या.

सुरक्षेचं थोडक्यात

ईमेल, बँक, ड्राइव्ह यांना दोन टप्प्यांचं लॉगिन लावा (पासवर्डनंतर फोनवरचा कोडही लागतो असं), अपवाद कुणालाच नाही. अध्यक्षांना जमत नसेल तर त्यांच्याशेजारी बसून लावून द्या. पासवर्ड, पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद ठेवणाऱ्या ॲपमध्ये. दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती करू नका. लोक शेवटचा आकडा वाढवतात, बाकी काही नाही. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेही २०१७ मध्ये ही सक्ती नको असं सांगितलं. लांब पासवर्ड घ्या, एक पासवर्ड दोन ठिकाणी नको, आणि फुटल्याचा संशय आला की लगेच बदला.

'अपडेट नंतर' हे बटण दाबायची सवय मोडा. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीवाल्या व्हायरसने ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांची कामं ठप्प केली, त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता. विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, तेव्हा असे संगणक किती उरलेत ते वहीत मोजून ठेवा. संगणक पाच वर्षं टिकतो असं धरलं तर दरवर्षी पाचातला एक बदलायला पैसे हवेत. सगळे एकदम मरायची वाट बघितली तर विश्वस्तांकडे एकदम मोठा आकडा मागावा लागतो, आणि तो मिळत नाही.

पैशाची चोरी बहुतेक वेळा तंत्रापेक्षा घाईने होते. आमच्या लेखापालाला माझ्या नावाने मेल आला: "मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, सोबतच्या खात्यात आत्ता पैसे पाठवा, मागून कागद देते." तो उठला, सहा पावलं चालत माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही मीटिंगमध्ये आहात का?" खात्याचा क्रमांक बदलल्याचा कुठलाही मेल आला, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं, मेलमधल्या नंबरवर नाही, हा नियम त्या दिवशी लिहून भिंतीवर लागला. आणि ज्याने घाईत पैसे अडवले त्याला कधी ओरडायचं नाही, हेही मी माझ्यापुरतं ठरवलं. अडवलेले पैसे खरेच द्यायचे निघाले तरीही.

या आठवड्यात एकच दुपार मिळणार असेल तर फक्त डोमेनची ओळ भरा. वहीची छापील प्रत बंद पाकिटात अध्यक्षांकडे ठेवा आणि पाकिटावर तारीख घाला, म्हणजे शिळी झालेली कळेल. आमच्या वहीत डोमेनची ओळ अजून पहिली आहे. तिच्यासमोर आता दोन माणसांची नावं आहेत, आणि मुदतीच्या साठ दिवस आधीची तारीख त्या दोघांच्याही कॅलेंडरवर आहे.